तंबाखूच्या तेलावर विमान : हिशेब जमतो का?

१५ जुलै २०१६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरातून बोइंग ७३७ जातीची दोन विमाने निघाली आणि केपटाऊनला सुखरूप उतरली. विमानांनी एका शहरातून दुसऱ्या शहरात जावे यात नवल ते काय? नवल होते त्यांच्या टाक्यांतील इंधनात. नेहमीच्या विमानइंधनात तंबाखूच्या बियांच्या तेलापासून बनवलेले इंधन मिसळलेले होते. बी पिकले होते त्याच देशातील लिंपोपो प्रांतात.

तंबाखू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर विडी, सिगारेट आणि गुटख्याची पुडी येते. तंबाखूमुळे जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा झाडाच्या तेलावर विमान उडते हे ऐकून कोणालाही वाटेल, ‘मग सगळी तंबाखू इंधनासाठीच का पिकवू नये? लोकांचे आरोग्य राखले जाईल, शेतकऱ्याचे पीकही राहील आणि खनिज तेलही वाचेल!’

कल्पना सुंदर आहे. परंतु विद्यार्थी मित्रहो, विज्ञानात सुंदर कल्पनेलाही तराजूत बसावे लागते. तो तराजू आहे ऊर्जेच्या हिशेबाचा. हा हिशेब करण्यास शाळेतील गुणाकार-भागाकार पुरेसे आहेत. तो आपण येथे करून पाहू.

विष पानात, तेल बियांत

तंबाखूच्या झाडात निकोटीन नावाचे विषारी द्रव्य असते. किडींपासून बचाव करण्याचे ते झाडाचे शस्त्र आहे. गंमत अशी की, ते साठते पानात, पण तयार होते मुळांत. १९४० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी यासंबंधी एक सुरेख प्रयोग केला. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोच्या शेंड्याचे कलम बांधले, तर टोमॅटोच्या पानांत निकोटीन आले. उलट टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचे कलम बांधले, तर तंबाखूच्या पानांत निकोटीन जवळजवळ आलेच नाही!

पक्व बियांत मात्र निकोटीन नसते. तेथे असते तेल, आणि तेही थोडेथोडके नव्हे, तर वजनाच्या सुमारे ३५ ते ४० टक्के. तंबाखूचे बी खसखशीहूनही बारीक असते. एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया मावतात. एवढ्याशा बियेला अंकुर फुटून पहिली पाने उघडेपर्यंत स्वतःच्या शिदोरीवर जगायचे असते. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम तेलातून सुमारे ९. लहान डब्यात जास्त शिदोरी भरायची असेल तर तेलच सोयीचे, हे उघड आहे.

बियांत किती ऊर्जा असते हे वर्गात सहज दाखवता येते. मात्र त्यासाठी तंबाखूला हातही लावू नका. भुईमुगाचा दाणा घ्या. परीक्षानळीत २० मिलिलिटर पाणी घेऊन त्याचे तापमान मोजा. दाणा टाचणीच्या टोकावर खोचून पेटवा आणि त्याची ज्योत नळीखाली धरा. दाणा जळून गेल्यावर पाण्याचे तापमान पुन्हा मोजा. झालेली वाढ पाहून तुम्ही चकित व्हाल. (प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांनी दूर राहावे.)

शेंडा खुडणारा शेतकरी

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. तंबाखूच्या झाडाला कळ्या आल्या की शेतकरी त्याचा शेंडा खुडतो आणि नंतर येणारे फुटवेही काढून टाकतो. का बरे? प्रकाशसंश्लेषणाने झाडाने जे अन्न तयार केले, ते फुलांत आणि बियांत खर्च होऊ नये, पानांनाच मिळावे, म्हणून. शेंडा खुडल्याने पाने जाड होतात आणि त्यांतील निकोटीनही वाढते.

याचाच अर्थ, पानाची तंबाखू आणि बियांची तंबाखू ही एका शेतात दोन वेगळी पिके आहेत. झाडाची मिळकत ठरलेली. ती पानावर खर्च करायची की बियांवर, एवढाच प्रश्न. पान विकून वर तेलही काढू असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये.

दक्षिण आफ्रिकेत लावलेला ‘सोलारिस’ नावाचा वाण याच विचाराने निवडलेला होता. इटलीमध्ये तयार झालेल्या या वाणात पाने कमी आणि फुले व बोंडे पुष्कळ येतात. निकोटीन जवळजवळ नसते. त्यात जनुकांची कृत्रिम फेरफार केलेली नाही. नेहमीच्या निवड-पद्धतीनेच तो तयार केला गेला.

तेलापासून इंधन

वनस्पतींच्या तेलावर इंजिन चालते ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. परंतु तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. इंजिनात त्याचा फवारा नीट उडत नाही, ज्वलन अपुरे होते आणि काजळी धरते.

यावर उपाय रसायनशास्त्राने दिला. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांडीला टांगलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. कॉस्टिक सोडा उत्प्रेरक म्हणून घेऊन तेलात मिथेनॉल मिसळले, की साखळ्या दांडीवरून सुटतात आणि मिथेनॉलशी जोडल्या जातात. १०० किलो तेल आणि सुमारे ११ किलो मिथेनॉल यांपासून जवळपास १०० किलो पातळ इंधन मिळते, आणि सुमारे १० किलो ग्लिसरीन उरते. या इंधनालाच बायोडिझेल किंवा जैवडिझेल म्हणतात.

तंबाखूच्या तेलाची येथे एक अडचण आहे. त्यात लिनोलेइक अम्ल फार, सुमारे ७० टक्के. या अम्लाच्या साखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तेथेच हल्ला करतो. असे तेल साठवले तर हळूहळू घट्ट आणि चिकट होते. जवसाचे तेल दारे-खिडक्यांच्या रंगात वापरतात ते याच गुणामुळे. रंगाला जो गुण, तो इंजिनाला दोष! म्हणून तंबाखूच्या तेलाचा साबण आणि रंग यांसाठी उपयोग होऊ शकतो. पण त्याचे बायोडिझेल साठवायचे तर त्यात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये मिसळावी लागतात.

विमानाची गोष्ट आणखी निराळी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास जाते. विमानाचे इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बायोडिझेल त्याच्या कितीतरी आधी गोठेल. म्हणून तेलावर दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातील सगळा ऑक्सिजन काढून टाकतात. दुहेरी बंधही त्यात नाहीसे होतात. मग उरलेल्या सरळ साखळ्या तोडून त्यांना फांद्या फोडतात. फांद्या असलेले रेणू एकमेकांना चिकटून रचले जात नाहीत, म्हणून ते लवकर गोठत नाहीत. असे तयार झालेले इंधन खनिज विमानइंधनासारखेच असते. २०११ सालापासून ते नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळण्यास मान्यता आहे.

भारतातही असे उड्डाण झाले आहे. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या एका विमानाच्या एका इंजिनात २५ टक्के जैवइंधन मिसळले होते. ते मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, तेलापासून डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत तयार केले होते.

आता हिशेब

येथवर सगळे ठीक आहे. इंधन होते, इंजिन चालते, विमान उडते. आता एक हेक्टर शेताचा हिशेब मांडू. सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. तुम्ही ते बदलूनही पाहू शकता.

समजा, एका हेक्टरात १ टन बी आले. ३५ टक्के तेल धरले तर ३५० किलो होते. घाण्यात सगळे तेल निघत नाही. हाती ३०० किलो आले असे समजू. तितकेच बायोडिझेल झाले. एक किलो बायोडिझेल जाळले की सुमारे ३७ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. म्हणून

३०० × ३७ = ११,१०० मेगाज्यूल.

विजेच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ३,१०० युनिट. (३.६ मेगाज्यूल म्हणजे १ युनिट.)

या शेताला सूर्याने काय दिले होते? आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिट सूर्यप्रकाश पडतो. हेक्टरात १०,००० चौरस मीटर, म्हणजे रोज ५०,००० युनिट. पीक १५० दिवस शेतात उभे राहिले तर एकूण ७५ लाख युनिट. त्यांतून इंधनाच्या रूपाने मिळाले ३,१००. म्हणजे सूर्याने दिलेल्या दर दहा हजार भागांपैकी फक्त चार! बाकीचे कोठे गेले? बराच प्रकाश परत फेकला गेला, बराच उष्णता होऊन पानांतल्या पाण्याची वाफ करण्यात गेला. जो थोडा अन्नात साठला, त्यातून मूळ, खोड आणि पाने झाली, आणि उरल्यासुरल्यातून बी.

तेवढ्याच जमिनीवर सौरपट्ट्या बसवल्या तर वर्षाला काही लाख युनिट वीज मिळते. मग शेतात इंधन पिकवायचेच कशाला? याचे उत्तर वजनात आहे. एक किलो विमानइंधनात सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक किलो चांगल्या बॅटरीत जेमतेम एक. तेवढ्या बॅटऱ्या घेऊन मोठे प्रवासी विमान लांब पल्ल्याला जाऊ शकत नाही. म्हणून जेथे विजेचे चालत नाही, अशा विमानासारख्या ठिकाणीच वनस्पतिज इंधनाला खरी किंमत आहे.

पण तेथेही प्रमाण पाहा. बोइंग ७३७ विमान आकाशात ताशी सुमारे अडीच टन इंधन जाळते. आपल्या ३०० किलो तेलाचे, काहीही घट न होता, विमानइंधन झाले असे धरले, तरी ते विमान त्यावर सात मिनिटे उडेल. एका हेक्टरातील पाच महिन्यांच्या श्रमाची ही सात मिनिटे! वाण सुधारून बियांचे उत्पन्न चौपट झाले, तर अर्धा तास.

मिळकतीतून खर्च वजा

अजून आपण खर्च मांडलाच नाही. तंबाखू खादाड पीक आहे. तिला हेक्टरी १०० किलो नत्र दिले असे धरू. एक किलो नत्राचे खत कारखान्यात बनवण्यास सुमारे ५० मेगाज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे ५,००० मेगाज्यूल खतातच गेले. नांगरटीला आणि वाहतुकीला ५० लिटर डिझेल धरा. त्याचे सुमारे १,८०० मेगाज्यूल. मिथेनॉलमधील ऊर्जा सुमारे ७०० मेगाज्यूल. एकूण खर्च ७,५००.

११,१०० − ७,५०० = ३,६०० मेगाज्यूल.

पाणी देण्याचा, घाण्याचा आणि कारखान्याचा खर्च यातून आणखी वजा करायचा आहे. कोणत्याही जैवइंधनाबद्दल वाचताना हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या : ‘एकूण किती मिळाले ते कळले, पदरात निव्वळ काय पडले?’ जट्रोफाच्या बाबतीत आपल्या देशाने हा धडा घेतला आहे. डिसेंबर २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट होते. पडीक जमिनीवर बी भरपूर येईल ही जट्रोफाबद्दलची अपेक्षा फोल ठरली, आणि डिझेलच्या बाबतीत ते उद्दिष्ट फार दूर राहिले.

तंबाखूच्या बाजूने एक जमेची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तेल काढल्यावर सुमारे ७०० किलो पेंड उरते. तिच्यात प्रथिने भरपूर आणि निकोटीन नाही, म्हणून ती जनावरांना चालते. तंबाखूची खोडेही जळणासाठी वापरता येतात.

पानातच तेल आणले तर?

बियांना मर्यादा असेल, तर झाडाच्या मोठ्या भागात, म्हणजे पानांतच, तेल का साठवू नये? शास्त्रज्ञांनी हाही प्रयत्न केला आहे. तंबाखूच्या साध्या पानात कोरड्या वजनाच्या दोन ते चार टक्के तेल असते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २००९ च्या अखेरीस जाहीर केले, की जनुके बदलून ते सुमारे ७ टक्क्यांपर्यंत नेता आले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी पानात १५ टक्के तेल साठवून दाखवले.

याचाही हिशेब करू. समजा हेक्टरी ४० टन हिरवी पाने मिळाली. वाळल्यावर त्यांची ५ टन होतील. १५ टक्क्यांनी ७५० किलो तेल, म्हणजे सुमारे २८,००० मेगाज्यूल. बियांच्या अडीचपट! पण थांबा. पानांतून ३५ टन पाणी काढायचे आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २.३ मेगाज्यूल लागतात.

३५,००० × २.३ = ८०,५०० मेगाज्यूल.

तेलातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा नुसती पाने वाळवण्यात जाईल! भट्टी लावून वाळवणे म्हणजे रुपयाची वस्तू आणण्यासाठी तीन रुपये भाडे देणे. हे काम फुकट करणारा एकच आहे, तो म्हणजे सूर्य. निपाणीकडचे शेतकरी विडीची तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या उन्हातच वाळवत आले आहेत. उलट सिगारेटची तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात आणि एक किलो पानामागे कित्येक किलो लाकूड जाळतात. इंधन देणारे पीक म्हणून जिच्याकडे पाहायचे, ती तंबाखू आज अनेक ठिकाणी इंधन खाणारे पीक आहे.

थोडे द्रव्य, मोठे मोल

मग तंबाखूला दुसरा उपयोगच नाही का? आहे, पण तो टनांनी जाळण्याच्या वस्तूंत नसून ग्रॅमने मोजण्याच्या वस्तूंत असण्याचा संभव अधिक. तंबाखूच्या पानात सोलानेसोल नावाचे ४५ कार्बन अणूंचे एक अल्कोहोल सापडते. त्यापासून ‘को-एन्झाइम क्यू-१०’ हे औषधी द्रव्य बनवता येते. आंध्र प्रदेशात राजमहेंद्री येथे १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेने सोलानेसोल, बियांचे तेल आणि पानांतील प्रथिने यांवर पुष्कळ काम केले आहे.

शिवाय तंबाखूच्या कुळातील झाडांत परके जनुक घालणे सोपे जाते. २०१४ च्या इबोला साथीत काही रुग्णांना दिलेल्या प्रायोगिक औषधातील प्रतिपिंडे तंबाखूच्या एका भाऊबंद झाडात तयार केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच झाडात बनवलेल्या कोविडच्या लसीला कॅनडाने मान्यता दिली. पुढच्याच वर्षी तो कारखाना बंद झाला. परंतु झाडात लस बनते हे सिद्ध झाले. अशी झाडे बंदिस्त हरितगृहात वाढवतात. त्यांना हजारो हेक्टर जमीन लागत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शेतकऱ्याचे काय?

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. भारत हा तंबाखू पिकवणाऱ्या जगातील पहिल्या काही देशांपैकी एक आहे. गुजरातेतील चरोतर, आंध्र, कर्नाटक आणि आपल्या कोल्हापूरला लागून असलेला निपाणीचा मराठी मुलूख यांत लाखो कुटुंबे तिच्यावर जगतात. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून महामार्ग रोखला होता. ६ एप्रिल रोजी तेथे गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. पिकाचा भाव हा त्यांच्या दृष्टीने जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

शिवाय हे पीक कसणाऱ्यालाही त्रास देते. ओल्या पानांतील निकोटीन त्वचेतून शरीरात शिरते आणि मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा जो तंबाखू नियंत्रण करार २००५ साली अमलात आला, त्यातील सतरावे कलम सांगते की, तंबाखू उत्पादकांना व कामगारांना परवडणारा पर्याय मिळण्यास सरकारांनी साहाय्य करावे. भारताने या करारावर सही केलेली आहे.

तो पर्याय ‘तीच तंबाखू, पण इंधनासाठी’ हा असू शकेल का? आपल्या हिशेबाप्रमाणे हेक्टरी सुमारे ३४० लिटर इंधन मिळते. डिझेलचा आजचा भाव विचारून गुणाकार करा. मग तंबाखूच्या पानाचे हेक्टरी किती रुपये होतात ते एखाद्या शेतकऱ्याला विचारा. उत्तर इंधनाच्या बाजूने येणे कठीण आहे. बियांचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले, पेंडीला चांगला भाव आला आणि कारखाना जवळ असला, तरच चित्र बदलेल. तोवर सोयाबीन, भुईमूग, ऊस, भाजीपाला यांपैकी त्या-त्या जमिनीला आणि पाण्याला मानवेल ते पीक, आणि मुख्य म्हणजे त्याला खात्रीचा भाव, हाच शेतकऱ्याला अधिक जवळचा मार्ग आहे.

मग २०१६ सालचे ते उड्डाण व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. तंबाखूच्या बियांपासून विमानाचे इंधन होऊ शकते की नाही, या प्रश्नाचे ‘होय’ असे उत्तर त्याने कायमचे दिले. किती होते, कितीला पडते आणि शेतकऱ्याच्या हाती काय राहते, हे प्रश्न उरले. ते सोडवण्यास जास्त बी देणारा वाण शोधणारा वनस्पतिशास्त्रज्ञ हवा, कमी खर्चाची प्रक्रिया शोधणारा रसायनशास्त्रज्ञ हवा आणि प्रत्येक पायरीवर वजाबाकी करणारा पदार्थवैज्ञानिकही हवा.

करून पाहा

१. बियांचे उत्पन्न हेक्टरी ४ टन आणि नत्र १५० किलो धरून निव्वळ ऊर्जा काढा. (मिथेनॉल तेलाच्या प्रमाणात वाढेल हे विसरू नका.)

२. तुमच्या भागातील एका तेलबियेचे हेक्टरी उत्पन्न शेतकऱ्यांकडून विचारून घ्या आणि तिच्या तेलावर बोइंग ७३७ किती मिनिटे उडेल ते काढा. मग ते तेल जाळावे की खावे, यावर वर्गात चर्चा करा.